मायच्या गालावरचं ऊन

"उजेड कुठून येऊन रायला, भाऊ?" तेरवीच्या बॅनरसाठी मायचा फोटो घेऊन माझ्याकडं आलेल्या काकांनी विचारलं.

त्यांच्या पुतण्यानं निवडलेला, फोटोवर टाकायचा तयार सोनेरी उजेडाचा झोत उजवीकडून येत होता. ब्लेंड मोड, म्हणजे वरचं चित्र खालच्यात मिसळायची पद्धत, 'स्क्रीन' केला की झोतामागचं काळं नाहीसं होतं, उजेड तेवढा उरतो.

"मायच्या गालावर तं दारातून ऊन पडलं हाय."

खरंच! डाव्या गालावर ऊन, उजवीकडं सावली. मग झोत डावीकडं घेतला, वॉर्पनं पदराच्या वळणावर वाकवला, डोळ्यांवरचा भाग मास्कनं काढला, कडा गॉशियन ब्लरनं मऊ केल्या. काका बराच वेळ बघत राहिले.

दर्यापूर रोडवरच्या कुठल्याही बॅनरवर तोच तयार झोत, माणूस कोणीही असो. मला हे फार लागलं.

तुमच्या घरातल्या जुन्या फोटोत ऊन कुठून पडलंय, कधी पाहिलंत?