तुम्ही विचारलंत म्हणून: केमो चालू असताना एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) थांबवायची का?

नाही. एचआयव्ही असताना लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचं) निदान झालं की हाच प्रश्न येतो, आणि 'डॉक्टरांना विचारा' एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून लिहिते आहे.

प्रश्न खुळचट नाही, हे मान्य. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २००० च्या आसपास ईपॉक केमो देताना एआरटी मुद्दाम थांबवली जायची, आणि रुग्ण बरेही झाले. तेव्हाची औषधं आडवी यायची. झिडोवुडीन हे जुनं एआरटी औषध तर केमोने पडलेले रक्तपेशींचे काउंट आणखी पाडायचं. आजची टीएलडी (टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी) तशी नाही.

खरी मेख रिटोनाविरमध्ये आहे. दुसऱ्या फळीवरचा, म्हणजे पहिली औषधं निकामी ठरलेला रुग्ण हे एआरटीतलं औषध अटाझानाविरसोबत घेत असतो. ज्या विकरामुळे यकृत व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाचा निचरा करतं, तेच रिटोनाविर अडवतं. सलाईनमधून डोस नेहमीचाच जातो, अंगावर पडतो कितीतरी जास्त. पायाची बोटं बधिर होतात, शर्टाचं बटण लागत नाही, जबडा दुखतो. मग शौचाला होत नाही, घरचे इसबगोल देतात. पोट फुगतं, वारा सरत नाही, उलट्या सुरू होतात. आतडी हलायचीच थांबलेली असतात. दोष जातो कॅन्सरवर, नाहीतर 'त्या आजारावर'. केमोच्या फाईलमध्ये एआरटीचा उल्लेखच नसतो, कारण रुग्णाने सांगितलेलं नसतं. का नाही सांगितलं म्हणून त्याला रागावण्याआधी वॉर्डात ही गोष्ट किती मोठ्याने बोलली जाते ते आठवा.

तरीही उपाय एआरटी बंद करणं हा नाही. पहिल्या व्हिन्क्रिस्टिनच्या काही दिवस आधी रिटोनाविर बदलून घ्यायचं. परस्पर नाही; विषाणूत औषधांना जुना प्रतिरोध असू शकतो, तो निर्णय एआरटी केंद्राचा. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट आला की आधी तिकडे जा.

टीएलडीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडीन हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. तो असताना गोळी थांबवली आणि वर रिटुक्सिमॅब (केमोसोबतचं लिम्फोमाचं औषध) दिलं, तर यकृत हातचं जाऊ शकतं. केमोसोबत लिहून दिलेलं पातळ अँटासिड डोल्युटेग्राविर शोषू देत नाही: गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचा मोठा डोस असेल तर टेनोफोव्हिर आणि कोट्रायमोक्साझोल (जंतुसंसर्ग टाळायची गोळी) दोन्हींबद्दल आधी विचारा. एरवी कोट्रायमोक्साझोल चालूच. केमोत सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) पडतो. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल तर घाबरून औषधं बदलायची नाहीत.

सीडी४ ५० च्या खाली असताना रिटुक्सिमॅब द्यावं का, हा वाद मात्र मिटलेला नाही. गाठीला ते हवं असतं, आणि जंतुसंसर्गाने दगावण्याची भीतीही तिथेच जास्त. दिलं तर फिलग्रास्टिम (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) हवं, आणि १००.४ फॅरनहाइट ताप दिसला की रात्री २ वाजतासुद्धा रुग्णालय गाठायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळ करायची नाही.