चाळीस मीटरवर फुटलेली गोळी

पुडीत फुटलेल्या गोळीच्या जॅकेटचे, म्हणजे तांब्याच्या आवरणाचे, दोन तुकडे आणि शिशाचा एक चपटा लगदा होता. सगळं मिळून वजन भरलं 58 ग्रेन. नळीतून निघताना हीच गोळी 150 ग्रेनची, म्हणजे 9.7 ग्रॅमची होती. रायफल .300 विंचेस्टर मॅग्नम काडतुसाची, जनावर पूर्ण वाढलेला नर मूस (उत्तरेकडच्या थंड प्रदेशातलं अवाढव्य जनावर), अंतर 40 मीटर, गोळी लागली थेट खांद्याच्या हाडावर. हाडाला तडा गेला, पण फुप्फुसांपर्यंत किरकोळ चिरफळ्याच पोचल्या. दोन तास माग काढल्यावर दुसऱ्या गोळीने जनावर पडलं. ज्यांची रायफल, त्यांची तक्रार एवढीच होती: "गोळी खराब निघाली."

माझ्या मते गोळीने तिचं काम चोख केलं होतं. ते काम दुसऱ्या जनावरासाठी होतं.

साध्या जॅकेटची, आतला शिशाचा गाभा न चिकटवलेली 150 ग्रेनची गोळी या काडतुसातून सेकंदाला 1,000 मीटरच्या आसपास वेगाने सुटते. अडीचशे मीटरवर तो वेग आठशेच्या आसपास येतो, आणि तिथे मध्यम आकाराच्या हरणाच्या बरगड्यांमागे ती सुरेख फुलते, म्हणजे पुढून पसरते. त्याच खोक्यातल्या गोळ्यांनी या गृहस्थांची हरणं जागच्या जागी पडलेली, म्हणून त्यांचा त्या गोळ्यांवर विश्वास बसला होता. 40 मीटरवर मात्र वेग जवळजवळ तेवढाच्या तेवढा शिल्लक असतो. जाड हाड लागताच पातळ जॅकेट फाटतं, शिसं त्यातून सुटतं, आणि आत शिरायला वजनच उरत नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो खोक्यावरच्या ऊर्जेच्या आकड्याचा. 150 ग्रेनची नळीमुखाशी ऊर्जा सुमारे 4,900 ज्यूल, 180 ग्रेनची सुमारे 4,750. हलकी गोळीच ताकदवान दिसते! विकणारेही तोच आकडा पुढे करतात. गोळी किती खोल जाईल हे त्या आकड्यातून कळतच नाही. त्यासाठी वजन आणि व्यासाचं नातं, म्हणजे सेक्शनल डेन्सिटी, बघावी लागते: .308 इंच व्यासात 150 ग्रेनची 0.226, 180 ची 0.271. तेही गोळी अखंड राहिली तरच.

हा प्रश्न जुना आहे. 1946 साली अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या मूसवर अशाच जवळून फुटल्या, आणि त्यातून मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली पार्टिशन गोळी जन्मली. पुढचा भाग फुटला तरी मागचा पुढे जात राहतो.

आम्ही दोन पर्याय बाकावर मांडले. पहिला, 180 ग्रेनची बाँडेड गोळी, जिच्यात शिसं जॅकेटला पक्कं जोडलेलं असतं. दुसरा, 165 ग्रेनची निव्वळ तांब्याची. तांब्याची जवळजवळ सगळं वजन राखते आणि मांसात शिशाचे कण सोडत नाही, जे घरी खाणाऱ्यासाठी मला फार महत्त्वाचं वाटतं. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते: गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या आट्यांचा पीळ पुरेसा हवा (या रायफलीत 10 इंचांत एक फेरा, म्हणजे अडचण नाही) आणि ती काडतुसाच्या पितळी केसमध्ये जास्त जागा खाते. आट्यांपासून साधारण 1.25 मिलिमीटर मागे बसवली तर बहुतेकदा नीट गट देते, म्हणजे निशाणावर गोळ्या एकमेकींजवळ लागतात. वेग सेकंदाला 600 मीटरच्या खाली गेला की फुलण्याची खात्री कमी होते. शिशाच्या गोळीचं दारूचं माप तिला कधीही लावू नये. दाब वेगळा येतो. त्या गोळीच्याच दारूच्या तक्त्यातल्या किमान मापापासून चढत जायचं.

त्यांनी 180 ग्रेनची बाँडेड घेतली. जवळचा आणि तिरका मार दोन्हीला ती सोसेल, म्हणून मलाही तीच पटली. फक्त एका गोष्टीसाठी मी हट्ट धरला: नळीतलं जुनं तांबं साफ करून, थंड नळीने, नव्या गोळीवर नेम पुन्हा बांधायचा. वजन बदललं की मार सरकतोच, किती आणि कुठे ते निशाणावरच कळतं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. त्यांच्याकडे जुनी अर्धी पेटी उरलीय, हरणांसाठी ती उत्तम आहे, आणि दोन्ही काडतुसं हातात घेतली तर जवळजवळ सारखीच दिसतात. नव्या काडतुसांच्या बुडावर मार्करने रेघ ओढून दिलीय. शिकारीच्या घाईत, अंधुक उजेडात ती दिसेल का, याची मला खात्री नाही. म्हणून दोन्ही पेट्या एकाच पिशवीत न्यायच्या नाहीत, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.