एक्सरचे वीरगळ: जरूर जा, पण घोडबंदर रोडने नको

सोसायटीच्या ग्रुपवर बोरिवलीतल्या एक्सरच्या कोरीव दगडांचा फोटो आला होता, खाली ओळ: 'प्राचीन विजयस्तंभ, ठाण्याहून फक्त ४० मिनिटं.' दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या.

आधी त्या ४० मिनिटांचं सांगतो. रविवारी सकाळी सव्वासातला मी आणि बाबांनी माजिवड्याहून बस धरली. कासारवडवलीपर्यंत ठीक. गायमुखच्या चढावर एक ट्रेलर बंद पडलेला, मागे कंटेनरची रांग. एक तास दहा मिनिटं आम्ही तिथेच होतो. बस पाच फूट सरकायची, खड्ड्यात आदळायची, पुन्हा थांबायची. बाबा ६८ वर्षांचे, अर्धा वेळ उभे. वरसावे नाका आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. बोरिवलीला हायवेवर उतरलो तर रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार देऊन एक्सरचे २०० रुपये मागितले. बाबांचे पाय दुखत होते, म्हणून दिले. तुम्ही देऊ नका; दहा पावलं पुढे जाऊन दुसरी रिक्षा बघा.

आता दुसरी चूक. तिथे स्तंभ नाही, वीरगळ आहेत. लढताना पडलेल्यांच्या स्मरणशिळा, पुरुषभर उंचीपेक्षाही मोठ्या. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये अशा सहा शिळांची नोंद आहे. तेव्हा साष्टी, म्हणजे बोरिवली ज्या बेटावर आहे ते, ठाणे जिल्ह्यातच होती. वीरगळ खालून वर वाचायचा: खाली लढाई, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. हे माहीत असूनही खालच्या पट्टीशी बसलो आणि अंगावर काटा आला. तिथे गलबतं आहेत! वर वळलेली नाळ (गलबताचं पुढचं टोक), वल्ह्यांची ओळ, डेकवर सैनिक. दगडावर कोरलेलं आरमारी युद्ध आपल्याकडे किती ठिकाणी बघायला मिळतं?

काही अभ्यासक ही लढाई देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांची मानतात, म्हणजे १२६५ च्या सुमाराची. सोमेश्वर समुद्रात बुडाला आणि उत्तर कोकण यादवांकडे गेलं. श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं, ही त्या शिलाहारांची राजधानी. काही जण या शिळांचा काळ त्याही आधीचा धरतात. काळ कुठलाही असो, विजय कोणाचा हे इथे मोठ्या अक्षरात कोरलेलं नाही. मेलेल्यांची आठवण मात्र एवढ्या निगुतीने कोरली आहे. बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

टॉर्च न्याच. झिजलेलं कोरीवकाम समोरच्या उजेडात सपाट दिसतं. टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरली की वल्हं न् वल्हं उठून येतं. पाणी ओतून किंवा खडू फासून फोटो काढू नका. भोवती वस्ती आहे, आवाज बेताचा ठेवा. तासभर पुरतो. मंडपेश्वर लेणी जवळच आहेत, तीही पाहिली, छान आहेत.

परतताना मेट्रोने आलो आणि सकाळी हेच का केलं नाही याचं फार वाईट वाटलं. एक्सर स्टेशनवरून अंधेरी पश्चिम, तिथून पुलाने डी. एन. नगर, मग घाटकोपर आणि लोकलने ठाणे. पावणेदोन तास, बाबांना सगळीकडे बसायला जागा मिळाली. जातानाही हाच मार्ग घ्या. सोबत वयस्कर माणूस असेल तर घोडबंदरचं नावच काढू नका.