बाई, कुठल्या देशाचं शिक्षण चांगलं?

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गावी आलेली मंडळी असोत की पालकसभेतले आईबाप, मला हा प्रश्न हमखास विचारतात. जगात कुठल्या देशाचं शिक्षण सगळ्यांत चांगलं, आणि ते आपल्या गोव्यात का आणत नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा फिनलंड असतं. सातव्या वर्षी शाळा, परीक्षांचा काच नाही, गृहपाठ थोडा.

फिनलंडचं मलाही मनापासून कौतुक आहे. पण तिथली सगळ्यांसाठी एकच शाळा 1972 साली उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरू झाली आणि देशभर पोचायला 1977 उजाडलं. प्राथमिकच्या शिक्षकालाही तिथे पदव्युत्तर पदवी लागते. पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्यांचं नाव झालं ते 2001 च्या निकालात, म्हणजे जवळजवळ पाव शतकानंतर. त्याच चाचणीत 2006 साली गणितात 548 गुण मिळवणारं फिनलंड 2022 मध्ये 484 वर आलं. पहिला नंबर बघून धोरण उचलायचं, तर कुठल्या वर्षीचं उचलणार?

म्हणून मी लक्झेंबर्गकडे बोट दाखवते. लोक चमकतात. तो देश गोव्याहूनही लहान आहे, 2,586 चौरस किलोमीटर, आपण 3,702. तिथलं मूल घरी लक्झेंबर्गिश बोलतं, शाळेत वाचायला शिकतं जर्मनमधून, लवकरच फ्रेंचही सुरू होतं आणि पुढे माध्यमिकला बरेच विषय फ्रेंचमधून. आपल्याकडे घरात कोकणी, पहिलीला मराठी, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. जिना तोच, पायऱ्यांची नावं तेवढी वेगळी.

आणि तिथे पोर्तुगालहून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची मुलं पुष्कळ आहेत. त्यांना जर्मन अक्षरओळख जड जाते, ती मागे पडतात. दर विद्यार्थ्यामागे जगात सर्वांत जास्त खर्च करणाऱ्या देशांतला हा एक देश, तरी 2018 च्या ‘पिसा’त वाचनात सरासरीच्या खालीच राहिला. शेवटी 2022 मध्ये त्यांनी चार शाळांत फ्रेंचमधून वाचायला शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. मूल कुठल्या पायरीवर घसरतं हे त्यांनी शोधलं, आणि पायरी बदलून पाहिली. दुसऱ्या देशाकडून घ्यायचं असेल तर मला हे घ्यावंसं वाटतं.

आमच्याकडे तीस-पस्तीस वर्षं भांडण चाललंय ते अनुदानाचं. 1990 साली कोकणी-मराठीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान असं ठरलं, 2011 मध्ये इंग्रजी शाळांनाही द्यायचा निर्णय झाला, रस्त्यावर आंदोलनं झाली. मी मराठीच्या बाजूने उभी राहिले, आजही आहे. पण त्या सगळ्या गदारोळात पहिलीतलं पोर वाचताना नेमकं कुठे अडतं, हे विचारणारं माणूस मला क्वचितच भेटलं.

सत्तरी तालुक्यातल्या माझ्या एकशिक्षकी शाळेत चारही वर्ग एकाच खोलीत बसायचे. सकाळी पिवळी बस वाड्यावरची निम्मी मुलं इंग्रजी शाळेत घेऊन जायची. माझ्याकडे उरायची ती गावातली थोडी आणि कर्नाटकातून बांधकामावर आलेल्या मजुरांची. एकदा पहिलीला ‘म’ शिकवत होते. पुस्तकात माशाचं चित्र. गावातली मुलगी म्हणाली, ‘नुस्तें!’ मी म्हटलं, बरोबर, पण पुस्तकात याला मासा म्हणतात. तिचा चेहरा पडला. आपलं उत्तर चुकलं असंच तिला वाटलं होतं. शेजारी मजुराचा मुलगा गप्प. दोन महिने तो वर्गात तोंडच उघडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याची आई त्याला सोडायला आली, तेव्हा मी तिला चित्र दाखवून विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? ‘मीनु,’ ती म्हणाली. मी फळ्यावर मासा काढला आणि खाली तीन शब्द लिहिले: मासा, नुस्तें, मीनु. मग त्याला पुढे बोलावून विचारलं, यातला तुझा कुठला? त्याने ‘मी’वर बोट ठेवलं, मग सावकाश ‘नु’वर. पुन्हा दोन्ही एकत्र म्हटली, मोठ्याने. मग आपण होऊन वरच्या ‘मासा’कडे सरकला, त्यातला ‘म’ ओळखला आणि माझ्याकडे वळून हसला.