खाऊन पाहा, लिहून ठेवा

सोलापूरच्या आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा निरोप आला तेव्हा मी जपानीचा वर्ग आटोपून घरी निघाले होते. गेली पंचवीस वर्षं मी पुण्यात जपानी शिकवते. निरोप वाचला आणि डोळ्यांसमोर आली ती नववी 'ब'ची खोली, पूर्व भागातल्या यंत्रमागांची खिडकीतून येणारी खटखट आणि मराठी व्याकरणाचे तास. गॅदरिंगबद्दल, गड्ड्याच्या जत्रेबद्दल, मैदानावरच्या चिंचेच्या झाडाबद्दल इतर जण लिहितीलच. मला व्याकरणाबद्दल लिहायचं आहे, कारण माझं पुढचं सगळं आयुष्य त्या तासांतून निघालं.

आपल्या वर्गात किती भाषा बसायच्या हे तेव्हा कुणी मोजलं नाही. माझ्या शेजारी बसायची ती मैत्रीण पद्मशाली घरातली. वडील मागावर, आई विड्या वळायची आणि घरात तेलुगू. मागच्या बाकावर अक्कलकोटकडचा एक मुलगा, त्याच्या घरी कन्नड. खिडकीशी बसणाऱ्या दोघी बहिणी घरी दखनी उर्दू बोलायच्या. घंटा झाली की सगळे मराठीत यायचे आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की ज्याची त्याची भाषा परत सुरू व्हायची.

एकदा 'माझी सकाळ' या निबंधात मैत्रिणीनं वाचलं, "मी भाकरी खाल्ले आणि शाळेत आले." वर्ग हसला. मीही हसले, आणि त्याचं आजही वाईट वाटतं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आम्हालाच विचारलं, "खाल्ले की खाल्ली?" सगळे ओरडले, "खाल्ली!" "आणि शाळेत आली की आले?" "आले!" "का?"

कुणाला सांगता येईना. कर्तरी, कर्मणी, भावे पाठ होतं. रामाने रावणाला मारले, भावे प्रयोग, हे झोपेतून उठवलं तरी म्हटलं असतं. पण एकाच मुलीच्या एकाच वाक्यात एक क्रियापद 'खाल्ली' आणि दुसरं 'आले' का, याचं उत्तर पाठांतरात नव्हतं.

बाईंनी मैत्रिणीला फळ्याजवळ बोलावलं. "घरी आईला कसं सांगशील?" ती आधी गप्पच राहिली. शाळेत तेलुगू बोलायचं नाही असं तिला वाटायचं. मग हळू आवाजात म्हणाली, "नेनु रोट्टे तिन्नानु." "आणि मी आले?" "नेनु वच्चानु." बाईंनी दोन्ही वाक्यं देवनागरीत लिहिली आणि दोन्हींच्या शेवटच्या 'नु'खाली रेघ ओढली. म्हणाल्या, "हिचं क्रियापद दोन्ही वेळा हिचंच ऐकतं. आपलं क्रियापद येताना माझं ऐकतं आणि खाताना भाकरीचं. सांगा, यात सरळ कोण चाललंय?"

मग त्यांनी संस्कृत काढलं. रामेण फलं खादितम्. रामाकडून फळ खाल्लं गेलेलं. भूतकाळ सांगायची ही रीत पुढे प्राकृतांत रुळली आणि तिच्यातून आपलं 'रामाने फळ खाल्ले' आलं. फळाऐवजी भाकरी आली की 'खाल्ली', आंबा आला की 'खाल्ला'. राम बिचारा 'ने' लावून बाजूला उभा. मी आणि तू यांना मराठीत तो 'ने'सुद्धा लागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की वाक्य आपलं आहे. हिंदीवाला निदान 'मैंने' म्हणून कबूल करतो.

"पण बाई," कुणीतरी विचारलं, "मी चहा प्याले, असं म्हणतो की आपण?" बाईंचा चेहरा उजळला, तो मला अजून दिसतो. बरोबर, मी चहा प्याले, मी धडा शिकले, मी कविता विसरले. इथे कर्म आहे, भूतकाळ आहे, तरी क्रियापद माझंच ऐकतंय. म्हणजे 'भाकरी खाल्ले' म्हणणारी मुलगी काही अशक्य करत नव्हती. तिनं 'खाणे'ला 'पिणे'च्या रांगेत बसवलं, इतकंच. आणि 'तू भाकरी खाल्लीस' यात तर दोघांचंही ऐकलं जातं. 'ली' भाकरीची, 'स' तुझा. पुस्तकात याला कर्तृ-कर्म-संकर म्हणतात. तोवर हे नाव मला नुसतं अवघड वाटायचं. त्या दिवशी 'खाल्लीस' हा शब्द मी घरी जाईपर्यंत तोंडात घोळवला.

त्याच महिन्यात म्हणींचा तास झाला. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून.' अर्थ सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "यात पाहायचं काय? डोळ्यांनी?" तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "बाई, आमच्यातपण हेच म्हणतात." आणि या वेळी न लाजता उभी राहून तिनं म्हटलं, "इल्लु कट्टि चूडु, पेळ्ळि चेसि चूडु." इल्लु म्हणजे घर, कट्टि म्हणजे बांधून, चूडु म्हणजे पाहा. पेळ्ळि लग्न, चेसि करून, चूडु पाहा. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु." कन्नडमध्येही कट्टि म्हणजे बांधूनच आणि नोडु म्हणजे पाहा. खिडकीजवळच्या बहिणींना अशी म्हण ठाऊक नव्हती, पण त्या म्हणाल्या, "हमारे में भी करके देखो बोलते."

फळ्यावर चार ओळी झाल्या. तेलुगू आणि कन्नड द्राविड कुळातल्या, मराठी आणि उर्दू संस्कृतकडून आलेल्या. चारही ओळींत आधी एक क्रिया, तिला 'ऊन'सारखं काहीतरी, आणि मग 'पाहणे'. चारही ठिकाणी त्या पाहण्याचा डोळ्यांशी संबंध नाही. पाहणे म्हणजे अनुभव घेऊन समजणे.

मग बाईंनी एका मुलाला उभं केलं. "तो जेवून बसला, हे करून दाखव." त्यानं जेवल्यासारखं केलं आणि बसला. "आता, तो पैसे देऊन बसला." त्यानं हात पुढे केला आणि बसायला गेला, तो बाईंनी थांबवलं. पैसे देऊन बसणारा माणूस उभासुद्धा असू शकतो! पहिल्या वाक्यात दोन क्रिया, दुसऱ्यात एकच. 'बसला'मधलं बसणं विरघळलं आणि मागे उरला तो पस्तावा. नको ते होऊन गेलं, आता परत येणार नाही. खाऊन टाक, लिहून ठेव, करून पाहा, बोलून बसलो. टाकणे, ठेवणे, पाहणे, बसणे ही रोजची क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाच्या मागे उभी राहिली की आपला जुना अर्थ थोडा सोडतात आणि बोलणाऱ्याचं मन सांगू लागतात. परीक्षेत याला संयुक्त क्रियापद म्हणायचं आणि दोन गुण घ्यायचे. पण मराठीतलं याहून सुंदर काही मला अजून सापडलेलं नाही.

त्या रविवारी मैत्रिणीच्या घरी गेले. तिची आई मांडीवर सूप घेऊन बसली होती, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, बोटांनी वळायचं, दोरा बांधायचा. हात न थांबवता तिनं माझ्यापुढे ताटली सरकवली आणि म्हणाली, "तिनि चूडु." खाऊन बघ. मी ते न विचारता समजले! परक्या भाषेतलं वाक्य आतून समजण्याचा तो माझा पहिला अनुभव. त्याच दुपारी हेही कळलं की तेलुगूत आई आली आणि बस आली यांना एकच रूप, 'वच्चिंदि'. एकवचनात पुरुष वेगळा आणि बाकी सगळं एकत्र. मला ते खटकलं. तसं तिच्या आईला मराठीतली बायकी खुर्ची आणि पुरुषी फळा खटकत असणार.

पुण्यात कॉलेजात असताना सहज म्हणून जपानीच्या वर्गात नाव घातलं. पुस्तक इंग्रजीतून समजावणारं. काही महिन्यांनी एक धडा आला, 'ताबेते मिरु'. ताबेरु म्हणजे खाणे, त्याचं 'ताबेते' झालं की खाऊन. पुस्तकानं अर्थ दिला होता खायचा प्रयत्न करणे. पण 'मिरु' हा शब्द आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो होतो. मिरु म्हणजे पाहणे.

खाऊन पाहणे! माझ्या अंगावर काटा आला. पुढची पानं भराभर उलटली. 'ओकु' म्हणजे ठेवणे, आणि 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, पुढे उपयोगी पडेल म्हणून. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. तेच 'शिमाउ' बोलण्याला लावलं की 'इत्ते शिमात्ता', बोलून बसलो. आपण टाकणे आणि बसणे अशी दोन क्रियापदं वापरतो, तिथे जपानी माणूस एकात भागवतो. मराठी आणि जपानी यांचं काही नातं नाही. पण वर्गात इतर जण नियमांच्या चौकटी पाठ करत होते आणि मला नववी 'ब'चा फळा दिसत होता.

भाषाविज्ञानाची पुस्तकं पुढे वाचली. विदर्भातल्या कोलामी या द्राविड आदिवासी भाषेचा अभ्यास करणाऱ्या मरे एमेनो यांनी १९५६ साली भारताला एक 'भाषिक क्षेत्र' म्हटलं. कुळं वेगळी, पण शेजाराला राहून राहून भाषांच्या सवयी एक झालेल्या. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा लेख तर आपल्या शेजारचाच. सांगली जिल्ह्यातलं एक गाव, लेखात त्याचं नाव कुपवार. तिथे कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिली. प्रत्येक घरानं आपापले शब्द राखले, पण वाक्याची घडण इतकी एक झाली की एका भाषेतल्या तुकड्याजागी दुसरीतला तुकडा ठेवत जावं. त्यातलं एक वाक्य मी कधी विसरणार नाही. मराठीत, 'पाला जरा कापून घेऊन आलो.' तिथल्या उर्दूत, 'पाला जरा काटके लेके आया.' हे वाक्य मी वर्गात जपानीतही सांगते. कापून, 'कित्ते'. घेऊन, 'मोत्ते'. आलो, 'किता'. कित्ते मोत्ते किता. एकही तुकडा हलवावा लागत नाही.

सगळंच असं जुळतं, असं मात्र नाही. 'किता' म्हणजे आलो, आली, आला, आले, सगळंच. कोण आलं ते प्रसंगावरून समजायचं. आणि देण्याघेण्यात तर आमची मुलं हमखास अडकतात. जपानीत मी दुसऱ्याला दिलं ते 'आगेरु' आणि दुसऱ्यानं मला दिलं ते 'कुरेरु'. मागच्या वर्षी एका मुलानं लिहिलं, 'सेन्सेई गा ओशिएते आगेमाशिता'. त्याला म्हणायचं होतं की बाईंनी मला शिकवलं. पण 'आगेरु'मुळे देण्याची दिशाच फिरली आणि बाईंनी तिसऱ्याच कुणाला तरी शिकवलं, असं झालं. शेजारचे दोघे हसले. मी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि मराठी वाक्य लिहायला सांगितलं. 'बाईंनी मला शिकवून दिलं.' 'देणे' एकच. कुठून कुठे, ते 'मला' सांगतं. जपानीत ते क्रियापदालाच सांगावं लागतं. मग आम्ही पाऊण तास मराठीच बोललो.

शाळेतल्या आजच्या शिक्षकांना एक विनंती करते. व्याकरणाचे तास कमी होत चालले आहेत असं ऐकते. प्रयोग ओळखा, एक गुण, इतकंच उरू देऊ नका. तुमच्या वर्गात आजही तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं बसत असतील. त्यांना फळ्यापर्यंत येऊ द्या. ती जिथे चुकतात तिथे थांबा, आणि घरी काय म्हणतोस, हे एकदा विचारा.

हा लेख लिहिताना तेलुगू वाक्यांची खात्री करायला मैत्रिणीला फोन केला. ती अजून सोलापुरातच आहे, नातवंडं शाळेत जातात. कुपवारचं वाक्य मी तिला तेलुगूत म्हणून दाखवलं, "कोसि तीसुकोनि वच्चिंदि."

"वच्चिंदि कसं गं?" ती म्हणाली. "वच्चिंदि म्हणजे ती आली. पाला कुणी आणला, तूच ना?"

"हो."

"मग 'वच्चानु' म्हण. नु. बाईंनी रेघ मारली होती की खाली."

मी कागदावर 'वच्चिंदि' खोडलं आणि वर 'वच्चानु' लिहिलं.