तुम्ही विचारलंत म्हणून: कव्हर लेटरचा नमुना मी का देत नाही

"मॅडम, नोकरीच्या अर्जासोबतच्या पत्राचा एखादा चांगला नमुना पाठवा ना, नाव-पत्ता बदलून वापरते." नाही म्हटलं की लोकांना वाटतं, ही भाव खाते. म्हणून एकदाच नीट सांगते.

पूर्वी मी नमुना द्यायचे. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी लिहिलेला एक नमुना एकाच वर्गातल्या दोघींनी एकाच ऑफिसला पाठवला. त्यात उदाहरण म्हणून एक वाक्य होतं: 'महिन्याला सुमारे 300 खरेदी बिलांची टॅलीत नोंद आणि जीएसटीआर-2बीशी मेळ.' (टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर; 2बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला येणारी यादी.) दोघींनी आकडासुद्धा बदलला नाही. एकीनं सीएच्या ऑफिसात आठ महिने हेच काम केलं होतं, फक्त बिलं 120 च्या आसपास असायची. दुसरीचा नुसता टॅलीचा कोर्स झाला होता. मुलाखतीत दोघींना विचारलं, "बिल हातात आहे, पण 2बीत दिसत नाही. काय कराल?" पहिलीला उत्तर येत होतं: पुरवठादारानं जीएसटीआर-1, म्हणजे त्याच्या विक्रीचं विवरणपत्र, भरलंय का, जीएसटी नंबर किंवा बिल नंबर चुकलाय का ते बघायचं, त्याला कळवायचं आणि 2बीत येईपर्यंत ते क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) 3बीत, म्हणजे महिन्याचा कर भरायच्या विवरणपत्रात, घ्यायचं नाही. तिचं बोलणं संपायच्या आतच पुढचा प्रश्न आला: "हे पत्र कुणी लिहून दिलं?" समोर टेबलावर दोन सारखी पत्रं होती. काम येत असलेली मुलगी तिथेच गप्प झाली.

"आकडे बदला" असं मी सांगितलं होतं, अगदी दोनदा. पण जे वाक्य दुसऱ्याच्या कामाचं आहे ते मी त्यांच्या हातात द्यायलाच नको होतं. मग नुसता सांगाडा का देत नाही? तोही देऊन पाहिला. रिकाम्या जागांत लोक 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर' भरतात.

त्यापेक्षा जाहिरात समोर घ्या आणि त्यातली तीन कामं अधोरेखित करा. प्रत्येकासमोर स्वतःचं एक वाक्य लिहा: काय केलं, कशात केलं, किती केलं. पहिलीचं वाक्य असं व्हायला हवं होतं: 'आठ महिने टॅली प्राइममध्ये महिन्याला सुमारे 120 खरेदी बिलांची नोंद केली, 14 तारखेला 2बी आलं की मेळ घालून न जुळणाऱ्या बिलांची यादी 20 तारखेच्या 3बीच्या आधी सरांना द्यायचे.' ज्या कामासमोर काहीच लिहिता येत नाही ते सोडून द्या. फ्रेशर असाल तर कोर्समध्ये हातानं केलेलं काम लिहा, त्याला अनुभव म्हणू नका. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलंत तरी ही वाक्यं आधी तुमच्याकडेच असावी लागतात.

पत्र 200 ते 250 शब्दांचं पुरे. सुरुवातीला पद आणि जाहिरात कुठे पाहिली, मग ही दोन-तीन वाक्यं, मग याच ऑफिसात अर्ज का, शेवटी नोटीस पिरियड आणि फोन नंबर. ईमेलनं पाठवताना पत्र मेलमध्येच लिहा, बायोडेटा पीडीएफ करून जोडा. फाइलला 'न्यू फायनल 2' नको, स्वतःचं नाव द्या. विषयात पद आणि तुमचं नाव हवं. नाव माहीत नसेल तर 'सर/मॅडम' लिहा, नुसतं 'सर' नको. जुनं पत्र वापरत असाल तर आधीच्या कंपनीचं नाव कुठे राहिलंय का ते शोधून बघा. ते बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात सापडतं.

आणि शाळेतला विनंती अर्ज विसरा. 'घरची परिस्थिती बेताची आहे, संधी दिल्यास आजन्म ऋणी राहीन' हे लिहिताना किती जीव तुटतो ते मला कळतं. पण वाचणारा त्या जागेवरचं काम कोण करेल हे शोधत असतो, आणि तुमचं काम त्या ओळीखाली झाकलं जातं.

करिअरमधल्या खंडाबद्दल माझं मत बदललंय. आधी मी म्हणायचे, पत्रात उल्लेखच नको. आता म्हणते, एक ओळ लिहा: 'वडिलांच्या आजारपणामुळे दोन वर्षं काम थांबलं होतं, आता पूर्णवेळ उपलब्ध आहे.' तरी एखादीचं पत्र तपासताना ती ओळ वाचून हात थांबतो, आणि कधी कधी मीच ती खोडते.