पायच आहे ना, त्यात काय एवढं

काल निफाडकडचे एक बाबा आले होते, सत्तरीचे, द्राक्षबाग आहे, बिडी आणि शुगर दोन्ही जुन्या. बांधावरून थोडं चाललं की पोटऱ्या अशा धरतात की खाली बसावं लागतं, दोन मिनिटं बसलं की मोकळं वाटतं, परत चाललं की परत तेच. डॉप्लरमध्ये मांडीतली रक्तवाहिनी बंद दिसली म्हणून पायाची अँजिओग्राफी ठरली. टेबलावर घेतलं, मी एक्स-रेची किरणं अडवणारा शिशाचा अ‍ॅप्रन चढवत होते, तर बाबा माझ्याकडे बघून म्हणतात, "ताई, आम्ही फवारताना तोंडाला नुसतं फडकं बांधतो, तुम्ही तर चिलखतच घातलं. मला का नाही मग?"

म्हटलं, बाबा, द्राक्षं खाणाऱ्याच्या अंगावर जास्त औषध येतं की फवारणाऱ्याच्या? हसले आणि गप पडून राहिले. पण खरंच तसंच आहे ते. त्यांचं एकदा होणार आणि त्यातून पाय वाचायचा चान्स, मी इथे रोज उभी असते.

नाशिकमध्ये मी कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीत, टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढली, आणि एक वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत, "पायच आहे ना." हार्टची केस असली की सगळे कसे अलर्ट, पायाची असली की थायरॉइड कॉलर, म्हणजे गळ्याभोवतीचा शिशाचा पट्टा, खुंटीवरच. पेशंटपुरतं ते थोडंफार खरंय, गुडघ्याखाली किरणांनी बिघडावं असं नाजूक फारसं काही नसतं, पेशंटचा डोस मोजताना मुख्य हिशोब ओटीपोटाचा, कारण सुरुवात तिथून होते. पण आमच्या अंगावर जे येतं ते काही पाय बघून कमी येत नाही. आणि पायाची केस लांबते हो! ओटीपोट, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल, प्रत्येक ठिकाणचा वेगळा रन, म्हणजे डाय सोडून घेतलेली एक्स-रे इमेजची मालिका.

त्यात डीएसए, म्हणजे डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी. आधी साधी इमेज घ्यायची, मग डाय, म्हणजे एक्स-रेत रक्तवाहिनी दिसावी म्हणून देतात ते औषध, सोडायचा, मग मशीन पहिली इमेज वजा करतं म्हणजे हाडं गायब आणि नुसत्या रक्तवाहिन्या दिसतात. अट एकच, पाय हलता कामा नये. आणि डाय गेला की पायात जाळ होतो. बाबांना तीनदा सांगितलं, गरम वाटेल, हलू नका, त्यांनी मान पण डोलावली, आणि डाय पोटरीत पोचला तसा पाय असा झटकला की स्क्रीनवर सगळी हाडं डबल. रन वाया, परत घ्या. नुसत्या फ्लुरोपेक्षा, म्हणजे चालू एक्स-रेवर लाइव्ह बघण्यापेक्षा, अशा रनला डोस बराच जास्त, म्हणून मी हल्ली पायाला पट्टा बांधल्याशिवाय सुरूच करत नाही, काल घाईत राहिला, चूक माझीच.

किरणं थेट एक्स-रेच्या ट्यूबमधून आमच्यावर येत नाहीत, पेशंटच्या अंगावरून विखुरतात ती येतात. ट्यूब टेबलाखाली, त्यामुळे खालच्या बाजूला जास्त, म्हणून तो टेबलाचा शिशाचा पडदा, जो पाय अडकतो म्हणून बाजूला सारलेला असतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मागे सरकणं, अंतर दुप्पट केलं की डोस चौथा हिस्सा. रन इंजेक्टरवर, म्हणजे डाय आपोआप सोडणाऱ्या मशीनवर, लावून सगळे बाहेर आले तर प्रश्नच मिटतो. पण नाही, हातानेच डाय मारायचा, आणि एक्स-रे चालू ठेवणाऱ्या पेडलवरचा पाय मात्र गप्पा चालू असताना पण तसाच!

तसं बघितलं तर अँजिओप्लास्टीची सुरुवातच पायापासून झाली, हार्टपासून नाही. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटरने ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली रक्तवाहिनी आतून मोकळी केली, पाय कापायला त्या तयारच नव्हत्या. आणि आपल्याकडे अजून "पायच आहे ना".

बॅजची तर वेगळीच कथा. तो टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं आली ते मोजणारा, छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत लावायचा, दर तीन महिन्यांनी रीडिंगला जातो. आपल्याकडे एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आता अर्ध्या लोकांचे बॅज ड्रॉवरमध्ये, रीडिंग अर्थातच मस्त येतं. उलट एकाचा बॅज खोलीतच अ‍ॅप्रनला लटकून राहिला होता, त्याचं रीडिंग एवढं वाढलं की वरून विचारणा आली, आणि तेव्हा तो गडी घरी सुट्टीवर.

अ‍ॅप्रनचं तर बोलायलाच नको. अर्ध्या मिलिमीटर शिशाच्या बरोबरीचा अ‍ॅप्रन विखुरलेली ९० टक्क्यांहून जास्त किरणं अडवतो, पण हँगरवर टांगला तर. घडी घालून खुर्चीवर फेकला की आतलं शिसं तडकतं, वरून कापड एकदम नवंकोरं. गेल्या महिन्यात केस संपल्यावर मी एकेक अ‍ॅप्रन टेबलावर पसरून फ्लुरोखाली बघितले, तर निळ्यामध्ये कमरेच्या घडीवर आडवी पांढरी रेघ, वीतभर. मार्करने मोठी फुली मारली, स्टोअरला लेखी कळवलं, दोनदा. उत्तर आलं की बजेट पुढच्या तिमाहीत.

काल बाबांची केस संपली, स्टेंट नीट बसला, पाऊल कोमट लागलं हाताला. हात धुऊन बाहेर आले तर नवीन सिस्टर अ‍ॅप्रन काढत होती, निळा, पाठीवर माझी फुली.